ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका

प्रोसेसरचा वेग थोडासाच वाढवला तरी तो भट्टीसारखा तापतो? बरेचदा कारण ‘ऑटो’ व्होल्टेज असतं. कुठे अडायला नको म्हणून मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्तच व्होल्टेज देतो.

१. बायोसमधल्या (पीसी सुरू होताना उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंग्ज मेन्यू) मूळ सेटिंग्जचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काहीही न बदलता स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसणारं तापमान आणि व्होल्टेज लिहून घ्या.

२. तेच व्होल्टेज बायोसमध्ये हाताने टाका आणि मल्टिप्लायर फक्त एकाने वाढवा. बेस क्लॉक या मूळ वेगाला मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे ४५ चा ४६ केला की ४.५ चे ४.६ गिगाहर्ट्झ झाले. बेस क्लॉकला मात्र हात लावू नका, त्याने रॅमचाही वेग बदलतो.

३. दर वाढीनंतर दहा मिनिटं टेस्ट. मशीन अडकलं किंवा निळा स्क्रीन आला तर एक पायरी खाली या. व्होल्टेज थोडं वाढवूनही भागतं, पण मी खालीच येतो. त्या शेवटच्या १०० मेगाहर्ट्झने उष्णता बरीच वाढते, वेग काही जाणवत नाही. जमलेल्या सेटिंगवर शेवटी तासभर टेस्ट चालू द्या.

तापमान ८५ अंशांपुढे जाऊ लागलं की तिथेच थांबा. आणि हे सगळं सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्याच. अस्थिर प्रोसेसर चालू कामातली फाइल गुपचूप खराब करू शकतो.

पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. प्लग काढून मदरबोर्डवरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, मूळ सेटिंग्ज परत येतात.