विरोधकाशी बोलणी करायचीयत? मंडेलांकडून शिका

ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही त्याच्यासमोर बसून बोलायची वेळ आली, मग ते युनियनचं असो नाहीतर सोसायटीच्या कमिटीचं, तर आधी नेल्सन मंडेलांनी काय केलं ते नीट बघा. 27 वर्षं जेलमध्ये काढली आणि ज्यांनी आत टाकलं त्यांच्याशीच बोलून दक्षिण आफ्रिका गोऱ्यांच्या राजवटीतून मोकळी केली.

सुरुवात समोरच्याची भाषा शिकण्यापासून करा. रॉबेन आयलंडवरच्या जेलमध्ये मंडेला आफ्रिकान्स शिकायला बसले, म्हणजे गोऱ्या सत्ताधाऱ्यांची भाषा, आणि सोबतच्या काही जणांना ते पटत नव्हतं तरी शिकले, कारण हा माणूस नेमका कशाला घाबरतो ते त्याच्या भाषेतच कळतं. त्याचा उपयोग पुढे 1993 मध्ये झाला. लष्कराचे माजी प्रमुख कॉन्स्टँड व्हिल्योन, ज्यांच्या पाठीशी हत्यारबंद लोक होते, ते भेटायला घरी आले तेव्हा मंडेलांनी स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला आणि आफ्रिकान्समध्ये बोलायला लागले. पुढे व्हिल्योन बंदूक बाजूला ठेवून निवडणुकीला उभे राहिले.

मग, काय सोडायचं नाही ते बोलायला बसण्याआधीच ठरवून टाका. जानेवारी 1985 ला राष्ट्राध्यक्ष बोथांनी ऑफर दिली की हिंसेचा मार्ग सोडतो म्हणा, सोडून देतो. मंडेलांनी सरळ नकार दिला, आणि त्यांचं उत्तर मुलगी झिंझीने सोवेटोच्या स्टेडियममध्ये भर सभेत वाचून दाखवलं: करार स्वतंत्र माणूसच करू शकतो, कैदी नाही. आणि तरी त्याच वर्षाच्या शेवटी ते सरकारच्या मंत्र्याला भेटले. आपण इथेच गडबडतो बघा, अट नाकारली की बोलणंच बंद करून टाकतो, ते करू नका.

सगळ्यात अवघड म्हणजे आपल्याच माणसांचा राग सांभाळणं. 10 एप्रिल 1993 ला ख्रिस हानी या मंडेलांच्याच बाजूच्या लाडक्या नेत्याला त्याच्या घराबाहेर गोळ्या घातल्या, मारणारा पोलंडहून आलेला गोरा, देश पेटायच्या बेतात. मंडेलांकडे तेव्हा कुठलंही सरकारी पद नव्हतं, तरी टीव्हीवर तेच बोलले, आणि त्यांनी मारेकऱ्याबरोबरच त्या आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या बाईचीही गोष्ट सांगितली जिने जिवावर उदार होऊन गाडीचा नंबर पोलिसांना कळवला म्हणून तो सापडला. दुःख जराही कमी करून सांगितलं नाही. पण लोकांना शेवटी काहीतरी करायला हवं असतं म्हणून निवडणुकीची तारीख ठरवा हा दबाव वाढवला, आणि काही आठवड्यांत 27 एप्रिल 1994 ही तारीख ठरली. तुमची माणसं चिडलेली असतील तर नुसतं शांत व्हा म्हणू नका, पुढचं एक ठोस काम त्यांच्या हातात द्या.

आणि हरणाऱ्यासाठी खुर्ची ठेवायची, तीही तोंडी नको, कागदावर. हंगामी घटनेतच लिहिलं होतं की संसदेत 80 जागा मिळवणाऱ्या पक्षाला उपराष्ट्राध्यक्षपद मिळणार. निवडणुकीआधीचे गोरे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांच्या पक्षाला 82 मिळाल्या, ते मंडेलांच्या हाताखाली उपराष्ट्राध्यक्ष झाले. 1996 मध्ये त्यांच्या पक्षाने सरकार सोडायचं जाहीर केलं खरं, पण नवी घटना आदल्याच दिवशी मंजूर झालेली होती.