ऑस्टिओपॅथिक फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी निवडताना काय पाहावे?

अमेरिकेतल्या मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, या पदवीच्या कॉलेजात शिकू लागली, की भारतातले नातेवाईक विचारतात, "म्हणजे डॉक्टरच ना?" हो, पूर्ण डॉक्टर. औषध लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार अमेरिकेत डीओ आणि एमडी दोघांना सारखाच आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी या परंपरेचे पहिले कॉलेज काढले. इतर सगळ्या वैद्यकीय अभ्यासासोबत तिथे हाताने तपासणे आणि हातानेच उपचार करणे, म्हणजे ओएमटी, शिकवले जाते. भारतात किंवा युरोपात 'ऑस्टिओपॅथ' म्हणवणारे बहुतेक जण डॉक्टर नसतात, आणि त्या पदवीवर अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचे पगारी प्रशिक्षण, मिळत नाही. हे कळण्याआधीच कुठल्या कोर्सचे पैसे भरू नका, हे कळकळीने सांगते.

पहिली पायरी: मान्यता नीट वाचा

डीओंच्या रेसिडेन्सी पूर्वी वेगळ्या चालत. २०१५ ते २०२० या काळात सगळे प्रोग्राम एसीजीएमई या रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एकाच संस्थेखाली आले. ज्या प्रोग्राममध्ये ओएमटीचे शिक्षण रीतसर चालते, त्याला ही संस्था 'ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन' देते. एसीजीएमईच्या वेबसाइटवर ते तपासता येते. एमडी आणि एमबीबीएस झालेल्यांनाही अशा ठिकाणी अर्ज करता येतो, पण ओएमटीची किती पूर्वतयारी हवी हे प्रत्येक प्रोग्रामला आधी विचारून घ्या.

दुसरी पायरी: परीक्षा

डीओ विद्यार्थी कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेचे तीन टप्पे देतात. पहिल्या टप्प्याला २०२२ पासून गुण नसतात, फक्त पास-नापास कळते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना वजन आले आहे. फॅमिली मेडिसिनच्या पुष्कळ प्रोग्रामना कॉमलेक्स पुरते, तेव्हा यूएसएमएलई या एमडींच्या परवाना परीक्षेची जोड हवीच असे धरून चालू नका. आपल्या यादीतल्या प्रोग्रामचे नियम वाचून ठरवा. एमबीबीएस झालेल्यांना मात्र यूएसएमएलई आणि परदेशी पदव्या तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र लागतेच.

तिसरी पायरी: हाताला काम मिळते का, ते शोधा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कॉलेजात दोनशेच्या आसपास तास घासून कमावलेला हात रेसिडेन्सीत वापरला नाही, तर हळूहळू जातो. मान्यतेचा कागद असूनही ओएमटी महिन्यातून एका लेक्चरपुरती उरली, असे होऊ शकते. म्हणून इंटरव्ह्यूत नेमके प्रश्न विचारा.

पाठ धरलेली बाई साध्या अपॉइंटमेंटला आली, तर तिला त्याच वेळी ओएमटी देता येते, की नवीन तारीख घ्यायला सांगतात? उपचाराचे टेबल किती खोल्यांत आहे? शेजारी उभे राहून हात दुरुस्त करणारे डीओ शिक्षक क्लिनिकमध्ये आठवड्यातले किती दिवस असतात? वॉर्डातल्या रुग्णांवर, बाळंतिणींवर ओएमटी होते का? बिलाचे कोड शिकवतात का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ९८९२५ ते ९८९२९ हे कोड शरीराच्या किती भागांवर उपचार केले त्यावर ठरतात, आणि ती नोंद नीट करता आली नाही तर नोकरीत ओएमटीला वेळच मिळत नाही.

ओएमटी कधी करायची नाही, हे किती काटेकोरपणे शिकवतात तेही पाहा. संधिवाताने मानेचे वरचे मणके सैल झालेल्या रुग्णाला झटक्याची पद्धत वापरली, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. कंबरदुखीत ओएमटीच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे, कवटीच्या हाडांवरच्या उपचारांचा पुरावा दुबळा आहे. हा फरक मोकळेपणाने सांगणारे शिक्षक मला जास्त विश्वासाचे वाटतात.

चौथी पायरी: तीन वर्षांतले बाकीचे शिक्षण

रेसिडेन्सी ३६ महिन्यांची असते. वॉर्ड, बाळंतपण, लहान मुले, वृद्ध, इमर्जन्सी सगळे त्यात येते, आणि स्वतःचे नेमून दिलेले रुग्ण तीनही वर्षे क्लिनिकमध्ये पाहायचे असतात. कामाची मर्यादा आठवड्याला ८० तास, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. लहान गावातल्या प्रोग्राममध्ये इतर शाखांचे रेसिडेंट कमी असतात, त्यामुळे बाळंतपणे आणि छोट्या शस्त्रक्रिया वाट्याला जास्त येतात. पुढे गावात दवाखाना चालवायचा असेल तर तिथेच शिका. शेवटी बोर्डाची, म्हणजे फॅमिली मेडिसिनच्या तज्ज्ञ प्रमाणपत्राची, परीक्षा एबीएफएम या बोर्डाची द्यायची, की डीओंच्या एओबीएफपी या बोर्डाची, हेही आधीच्या रेसिडेंटना विचारा.

पाचवी पायरी: मॅच

उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमांची जुळणी करून जागा ठरवतात, तिला मॅच म्हणतात. अर्ज सप्टेंबरअखेर प्रोग्रामकडे पोहोचतात, इंटरव्ह्यू साधारण जानेवारीपर्यंत चालतात आणि निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. रँक लिस्ट, म्हणजे आपल्या पसंतीक्रमाची यादी, भरण्याआधी प्रत्येक आवडत्या ठिकाणच्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करा आणि विचारा, "गेल्या आठवड्यात किती रुग्णांना ओएमटी दिलीत?" आकडा चटकन आला, तर त्या प्रोग्रामला वर घ्या. मग लिस्ट मनातल्या खऱ्या क्रमानेच भरा. 'तिथे आपल्याला कोण घेणार' म्हणून आवडता प्रोग्राम खाली ढकलू नका, कारण मॅचची पद्धत उमेदवाराची पसंती आधी धरते.