तारांचे रंग आणि तीन पिनांचा प्लग: जोडणीला हात लावण्यापूर्वी

आपल्याकडे भिंतीतील वायरिंगमध्ये लाल तार फेजची (करंट आणणारी), काळी न्यूट्रलची (करंट परत नेणारी) आणि हिरवी अर्थिंगची (गळणारा करंट जमिनीत नेणारी) असते. मिक्सर, इस्त्री किंवा कूलरच्या कॉर्डमध्ये मात्र बहुधा तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थिंगची असते. खरा घोटाळा निळ्या तारेचा आहे, कारण यंत्रमागासारख्या यंत्रांना लागणाऱ्या तीन फेजच्या पुरवठ्यात लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही तारा फेजच्याच असतात. सोलापुरात पूर्व भागात खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर राहते घर अशा अनेक इमारती आहेत. तेथे बोर्डातील निळी तार कूलरच्या कॉर्डप्रमाणे न्यूट्रल समजून कोणी धरली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. शिवाय जुन्या घरांत हाताशी असेल त्या रंगाची तार ओढलेली आढळते. त्यामुळे रंगावरून केवळ अंदाज बांधावा, खात्री तपासणीनेच करावी.

तपासणीसाठी टेस्टर प्रथम चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून त्याचा दिवा पेटतो हे पाहावे, मग एमसीबी (बोर्डातील आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) खाली करून कामाच्या ठिकाणी लावावा (तेथे दिवा पेटता कामा नये) आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर पाहावा, म्हणजे टेस्टरच बिघडलेला नाही हे कळते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद केल्यावरही काही सॉकेटमध्ये करंट राहतो, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

प्लग बदलताना तो बोर्डातून पूर्ण काढून उघडावा. पिना आपल्यापासून दूर आणि जाड पिन वर अशी प्लगची आतली बाजू समोर धरली, की वरचा स्क्रू अर्थिंगचा, उजवा फेजचा आणि डावा न्यूट्रलचा असतो. तेथे कोरलेली ई, एल, एन ही इंग्रजी अक्षरेही पडताळून पाहावीत. तांब्याचे तंतू घट्ट पिळून स्क्रूखाली असे घ्यावेत की एकही तंतू बाहेर राहणार नाही. हिरवी तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे कॉर्डला हिसका बसला तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. कॉर्डवरची पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर आवळावी, आतल्या सुट्या तारांवर नव्हे.

अर्थिंगची पिन लांब असण्यामागेही हेच कारण आहे: ती सॉकेटला प्रथम जोडली जाते आणि शेवटी सुटते. ती कापून किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावून पत्र्याचा कूलर चालवणे हा शुद्ध अविचार आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कूलर दिवसरात्र चालतो, त्याच्या टाकीत पाणी असते, खालची फरशी ओली असते आणि पाणी भरणारा बहुधा अनवाणी असतो. कूलर बंद करून, प्लग काढूनच पाणी भरावे.

२००० वॉटच्या गीझरला २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट लागतो. त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे, ६ अँपिअरचे तापून वितळू शकते. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट रोखते, माणसाला बसणारा शॉक नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लागते आणि ती बसवण्याचे, तसेच भिंतीतील कोणतेही काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तो आलाच आहे, तर स्विच फेजच्या तारेवर आहेत ना, हेही तपासायला सांगावे. स्विच न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच राहतो.