नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही: या चुका टाळा

तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याला १८ वर्षं झाली. ‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार रोजची. यातल्या बहुतेक फाइली धडधाकट असतात. घोटाळा झालेला असतो तो फाइलचा प्रकार ओळखण्यात.

पहिली चूक: नाव बदललं की फॉरमॅट बदलला

ही चूक पाहून मी खरोखर थकलो आहे. एका मुलीचा प्रवेश अर्ज होता आणि शेवटची तारीख. फोटो आयफोनवर काढलेला. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि पोर्टलला हवा होता जेपीजी. वडिलांनी घरीच फाइलचं नाव बदलून शेवटी ‘डॉट जेपीजी’ लावलं. पोर्टलने फाइल घेतली, हिरवी टिक दिली. अर्ज पक्का केला, पैसे भरले. रात्री प्रिंट काढायला माझ्याकडे आले तर फोटोची चौकट कोरी.

‘‘सर, टिक आली होती ना हिरवी!’’ ते पुन्हा पुन्हा सांगत होते. टिक आली होती हे खरंच होतं. पोर्टल फक्त नावाची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, तपासत होतं, आत काय आहे ते बघतच नव्हतं. पक्का केलेला अर्ज आता दुरुस्तीसाठी उघडेना. पडताळणीत तो त्रुटी म्हणून परत आला, आणि दुरुस्तीसाठी मुदत मिळाली म्हणून वर्ष वाचलं. ते चार दिवस त्या पोरीने कसे काढले, ते मी पाहिलं आहे.

हा उपाय लोक का करतात, तेही सांगतो. पुष्कळदा तो चालल्यासारखा दिसतो. पीएनजी फाइलला जेपीजी नाव द्या, फोटो दाखवणारे बरेचसे प्रोग्राम ती उघडतात. कारण ते नावाकडे दुर्लक्ष करून आतले पहिले काही बाइट वाचतात. प्रोग्रामने तुमची चूक पोटात घातलेली असते, पण माणूस समजतो की आपली युक्ती चालली. मग एक दिवस नावावर विसंबणारा प्रोग्राम भेटतो.

माझी सवय अशी: शंका आली की फाइलची कॉपी करायची, कॉपी नोटपॅडमध्ये उघडायची आणि पहिली ओळ वाचायची. बाकी सगळा कचरा दिसतो, पण सुरुवातीला खूण सापडते. पीडीएफ असेल तर टक्क्याच्या चिन्हापुढे ‘पीडीएफ’ ही इंग्रजी अक्षरं, जिफ असेल तर ‘जिफ८९ए’ किंवा ‘जिफ८७ए’, विंडोजचा प्रोग्राम असेल तर ‘एमझेड’. ही शेवटची दोन अक्षरं मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची आद्याक्षरं आहेत. ‘पीके’ दिसलं तर आत झिप आहे, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची खूण. वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, अँड्रॉइडवर अॅप बसवणारी एपीके, सगळ्या आतून झिपच. म्हणून कधी कधी डाउनलोड केलेल्या वर्ड फाइलला ‘झिप’ हे नाव लागून येतं. ती बिघडलेली नसते, आणि तिथे मात्र नाव परत डॉक्स करणं हाच बरोबर इलाज आहे. नोटपॅडमध्ये चुकूनही सेव्ह करू नका, फाइल कायमची जाईल. कॉपी करायला सांगितलं ते त्यासाठीच. लिनक्स किंवा मॅक असेल तर टर्मिनलमधली ‘फाइल’ नावाची कमांड हेच काम चोख करते. युनिक्समध्ये ती १९७३ पासून आहे.

आणि फोटोचं म्हणाल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. आधी काढलेला फोटो उघडून ‘सेव्ह अॅज’ने जेपीजी करा. दोन मिनिटं लागतात. ती वाचवायला जाऊ नका.

दुसरी चूक: शेपटी लपवून ठेवणं

विंडोज ९५ पासून ओळखीच्या फाइलींची एक्स्टेन्शन लपवलेली असतात, आणि विंडोज ११ मध्येही नव्या कॉम्प्युटरवर तेच. मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. प्रकार नावात ठेवायचा, त्यावरून कोणता प्रोग्राम चालवायचा ते ठरवायचं आणि तेवढाच भाग माणसाला दाखवायचा नाही, हे कसं चालेल? मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस जगभर पसरला. त्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ होतं आणि खरी शेपटी ‘व्हीबीएस’, म्हणजे विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट, त्यापुढे. शेवटची शेपटी लपली आणि लोकांना ते साधं पत्र वाटलं. आज तेच व्हॉट्सअॅपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून येतं आणि पुढे एपीके असतं. पत्रिका कधी एपीके नसते. दुकानात येणारा प्रत्येक लॅपटॉप मी आधी हाच पर्याय चालू करून परत देतो: फाइल एक्स्प्लोरर, व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’.

प्रकार साठवावा कुठे?

काही जण म्हणतात, एक्स्टेन्शनच नको. ही मागणी जुनी आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलजवळ चार-चार अक्षरांचे दोन कोड वेगळे साठवलेले असत: एक प्रकाराचा, दुसरा ती बनवणाऱ्या प्रोग्रामचा. नाव काहीही ठेवा, फाइल बरोबर उघडायची. बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमने पुढे हीच नोंद माइम टाइपच्या, म्हणजे इंटरनेटवर फाइलचा प्रकार सांगणाऱ्या नावाच्या, रूपात फाइलला जोडली. मला ही रचना मनापासून आवडते. पण फाइल डॉसच्या फ्लॉपीवर किंवा ईमेलमधून गेली की कोड वाटेत गळून पडायचे. नाव मात्र फाइलबरोबर सगळीकडे जातं, म्हणून एक्स्टेन्शन टिकलं. २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीत अॅपलनेही बनवणाऱ्याचा कोड पाहणं सोडलं. आजही विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच्या फाइलला चिकटलेली जादा माहिती जुन्या एफएटी३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर जाताना गळते.

तेव्हा माझं मत असं की नाव ठेवा, पण सिस्टिमने आतली खूणही वाचावी आणि दोन्ही जुळत नसतील तर उघडण्याआधी स्पष्ट सांगावं. एक्सेल आज असा इशारा देतं. प्रत्येक सिस्टिमने प्रत्येक फाइलसाठी तो द्यावा.

अपलोडचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी नुसत्या आतल्या खुणेवरही विसंबू नये. जिफची सहा अक्षरं कोणत्याही स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या, डोक्यावर लिहिता येतात.

फाइल कशात उघडायची ते विचारल्यावर ‘ऑलवेज’वर टिक करून चुकीचा प्रोग्राम निवडला असेल तर फाइल पुन्हा डाउनलोड करत बसू नका. राइट क्लिक, ‘ओपन विथ’, बरोबर प्रोग्राम निवडा.

मराठी यादी आणि सीएसव्ही

साध्या मजकुराच्या फाइलला आतली खूण बहुधा नसतेच. ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे हे नाव सांगत नाही आणि मजकूरही सांगत नाही. म्हणून मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, आणि घाईतली माणसं तशीच सेव्ह करून यादी घालवतात. डबल क्लिक करू नका. कोरी शीट उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. खालच्या चौकटीत नावं नीट मराठीत दिसली की मगच ‘लोड’ दाबा.