अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दात: काय बघायचं, कधी बघायचं

काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळाचं वजन सगळे विचारतात, दातांचं कुणी विचारत नाही. साहजिकच आहे, आधी जीव. पण दुधाच्या दातांवरचं टणक कवच, म्हणजे एनॅमल, पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास घडू लागतं. त्यासाठी लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस आईकडून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतं, आणि या बाळांचे नेमके तेच दिवस हुकतात.

पहिलं काम, वय नीट मोजा. पूर्ण दिवस 40 आठवडे धरा. बाळ 30व्या आठवड्यात झालं असेल, तर 10 आठवडे वजा करायचे. म्हणजे आज नऊ महिन्यांचं बाळ दातांच्या हिशेबाने जेमतेम पावणेसात महिन्यांचं आहे. शेजारच्या बाळाला चार दात आले म्हणून झोप उडवून घेऊ नका. या सुधारित वयाने दीड वर्ष होऊनही एकही दात नसेल, तर मात्र दाखवाच. (वरचे दात आधी आले, तरी मामाला काही होत नाही.)

दात दिसू लागले की महिन्यातून एकदा खिडकीपाशी बसा, बाळाचं डोकं मांडीवर घ्या आणि वरचा ओठ अलगद उचला. खडूसारखे पांढरे किंवा पिवळट-तपकिरी डाग, खड्डे, आडव्या रेघा दिसतात का? श्वासाची नळी घातलेल्या बाळांचे वरचे पुढचे दात जास्त निरखून बघा. नळी घालताना त्या हिरडीवर दाब येऊ शकतो, आणि नळी बरेच दिवस राहिली तर तोंडातल्या टाळूत (डोक्यावरच्या नव्हे) खोलगट खाच पडू शकते. लोहाच्या थेंबांचा काळेपणा वरवरचा असतो, दवाखान्यात साफ होतो. जास्त कावीळ झालेल्या बाळाच्या दातांवरची हिरवट झाक आतली असते, ती घासून जात नाही.

पहिल्या दातापासून दोनदा ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद. गोड सिरप दिल्यावर ओल्या फडक्याने दात पुसा. कच्चं एनॅमल फार लवकर किडतं, म्हणून ‘पडणारच आहेत’ हे इथे चालत नाही.

वर्षाच्या आत लहान मुलांच्या डेंटिस्टकडे जा. डिस्चार्ज कार्ड न्यायला विसरू नका. आठवडे, वजन, नळीचे दिवस, कावीळ सगळं त्यावर असतं. गरज वाटली तर ते फ्लोराइडचा लेप लावतील.

मग सहाव्या वर्षी पुन्हा नीट बघा. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमारासच टणक व्हायला लागलेली असते, त्यामुळे तिच्यावरही डाग असू शकतात. ती शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येते, कुठलाही दात न पाडता. त्यामुळे बरेच आईबाप तिला दुधाचीच समजतात.