आदिवासी मुलांना शिकवताना या चुका टाळा

नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. त्याच नागपूर जिल्ह्यात आज गोंड घरातलं पोर पहिलीत येतं आणि दिवाळीच्या आत त्याच्या नावापुढे 'अप्रगत' लागतं. जीव तुटतो हे पाहून.

हा शेरा मीही मारला आहे. रामटेक तालुक्यात शिकवायला गेलो तेव्हा वर्गात एक मुलगी होती. घागरीचं चित्र दाखवून "यात काय भरतात?" विचारलं की मान खाली. मी वहीत लिहिलं, 'बोलत नाही'. मधल्या सुट्टीत हापशीवर ओंजळ धरून ती धाकट्या भावाला म्हणाली, "येर!" गोंडीत येर म्हणजे पाणी. उत्तर तिच्या ओठांवरच होतं, माझा प्रश्नच तिला कळला नव्हता.

गोंडी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगूसारखी द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे, म्हणून 'कानावर पडून येईल मराठी' हा भरवसा फोल ठरतो. शिक्षण हक्क कायदा (२००९) सुद्धा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच सांगतो. तुम्हाला गोंडी येत नसेल तर गावातल्या एखाद्या आजीला वर्गात बसवा. मोहाच्या बिया मांडून आधी उंदी, रंड, मुंद मोजू द्या. मग एक, दोन, तीन. परिपाठात रोज एक गोष्ट गोंडीतून होऊ द्या. वर्गात गोंडी बोलल्याबद्दल पोराला रागावू नका, कधीच नाही.

याच्या उलटही फसगत होते. आडनाव मडावी किंवा उईके दिसलं म्हणजे घरी गोंडीच असेल, असं नाही. कितीतरी घरांत आता मराठीच बोलतात. आईला विचारा.

मार्चमध्ये हजेरी घसरली की 'पालकांना शिक्षणाची आस्था नाही' असं म्हणून मोकळे होऊ नका. ऊन तापतं म्हणून शाळा सकाळची होते, आणि मोहफुलं रात्री गळतात, ती पहाटेच वेचावी लागतात. घरातलं लहानमोठं सगळं टोपली घेऊन झाडाखाली असतं. त्या दिवसांत गणित आणि वाचन शेवटच्या तासांना घ्या. उशिरा आलेल्याला दारात उभं करू नका. पालकसभाही दुपारनंतर ठेवा.

शेवटची चूक कागदाची, आणि ती बारावीनंतर महागात पडते. दाखल करताना जातीच्या रकान्यात नुसतं 'आदिवासी' लिहू नका, 'गोंड' अशी नेमकी जात लिहा. पुढे जात पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० (अनुसूचित जमातींच्या आदेशाची तारीख) पूर्वीचे पुरावे भक्कम मानले जातात. मूल आठवीत गेलं की आजोबा-पणजोबांचा दाखलखारीज उतारा (शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवहीतली नोंद) आणि जुन्या महसुली नोंदी शोधायला घरच्यांना सांगा. जमलं तर तुम्हीच त्यांच्यासोबत तहसीलला जा.