वकील ते सिनेटर : जॉर्ज नॉरिस यांच्यावर टिपण कसे लिहावे

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील वकिली, जिल्हा न्यायाधीशपद, १९०३ ते १९१३ प्रतिनिधीगृह आणि १९४३पर्यंत सिनेट, ही जंत्री एका वाक्यात उरकावी. भर द्यावा तो १७ मार्च १९१० या दिवसावर, कारण त्या दिवशी नॉरिस यांनी खिशातला चुरगळलेला कागद काढून, प्रतिनिधीगृहाचे सभापती कॅनन यांना, कोणते विधेयक कसे चर्चेला यावे हे ठरवणाऱ्या नियम समितीतून वगळणारा ठराव आपल्याच पक्षाविरुद्ध मांडला. सिनेटरांना १९१३पूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडून देत. मुंबईच्या वाचकाला हे सांगताना विधान भवनात आमदार राज्यसभेसाठी मत देतात, त्याचा दाखला द्यावा. संपांविरुद्धच्या न्यायालयीन मनाईहुकमांना आवर घालणारा १९३२चा नॉरिस–लागार्डिया कायदा मात्र सविस्तर मांडावा, कारण गिरणगावात (निदान माझ्या मते) तोच भाग आवडीने वाचला जाईल.